निळ्या टॉवेलाखालचा सांगाडा

मी कमरेच्या हाडांचा एक जुना सांगाडा आहे. मित्रांनो, घाबरू नका, मी प्लॅस्टिकचा आहे. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. दोन बाजूंना दोन रुंद हाडे, मागे माकडहाड आणि तळाशी ताणून बसवलेली लाल रबराची झोळी. ही झोळी म्हणजे स्नायू. ती प्रत्येक माणसाच्या शरीरात असते आणि ओटीपोटातले अवयव तोलून धरते. बाळंतपणात ती फार ताणली जाते.

मंगळवार पेठेत अरीबा मॅडमचे फिजिओथेरपीचे छोटे क्लिनिक आहे. ज्या त्रासांबद्दल बायका कुठेच बोलत नाहीत, ते घेऊन त्या इथे येतात. मॅडम माझ्या आत मूठ ठेवून दाब देतात आणि झोळी कशी खाली जाते ते दाखवतात. मग सांगतात, "श्वास सोडताना हिला आत आणि वर ओढायचं. श्वास कोंडायचा नाही." एकदा एका आजींनी मला हातात घेऊन म्हटले, "एवढीशी हाय व्हय ही? आणि सगळा संसार हिच्यावर!" तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. मला मोठा मान मिळाल्यासारखे वाटले.

चार वर्षांपूर्वी निशिगंधा आली. राधानगरीकडची, दुसरे बाळ पाच महिन्यांचे. खोकली, हसली किंवा वैरणीचा भारा उचलला, की तिला लघवी सुटायची. म्हणून तिने पाणी पिणेच कमी केले होते. घरी तिने सांगितले होते, "पाठ दुखतीया."

सहा आठवडे ती नेमाने आली. सातव्या वेळी दारातूनच म्हणाली, "म्याडम, काल शिंकले. कायबी झालं न्हाय!"

"छान! पण अजून सहा आठवडे यायचं," मॅडम म्हणाल्या. "मध्येच सोडलंस तर परत पहिल्यासारखं होईल."

त्या दिवशी बाजाराला म्हणून तिच्या सासूबाई, झुंबरबाई, सोबत आल्या होत्या. त्या आत डोकावल्या. निशिगंधाने झटकन निळा टॉवेल माझ्यावर टाकला.

"काय गं ते?"

"पाठीचं हाड हाय, आत्या."

"काल तर वाकून गोठा झाडलास की. पाठ बरी झाली न्हवं? मग यस्टीत दिवस कशाला घालवायचा?"

निशिगंधाने मॅडमकडे पाहिले. एकीचे दुखणे तिच्या परवानगीशिवाय दुसरीला सांगायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. त्यानंतर निशिगंधा आली नाही. फोन केला तर नवरा सम्राट उचलायचा. "पाठ बरी हाय तिची," तो आनंदाने सांगायचा.

पुढे कोणी पुरुष आला की बायका मला झाकू लागल्या. माझे रबर विटले. टॉवेलाखाली दिवस जाऊ लागले.

या वर्षी झुंबरबाई एकट्या आल्या. दार लावून घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुनेची पाठ बरी केलीसा, म्हणून आले. माझं अंग बाहेर येतंय. सम्राटच्या बाळंतपणापासनं. बत्तीस वर्षं झाली."

मॅडमनी त्यांना तपासले. गर्भाशय खाली उतरले होते. नुसत्या व्यायामाने भागणार नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे लागेल, असे सांगून चिठ्ठी लिहून दिली. मग समजावण्यासाठी माझ्यावरचा टॉवेल काढला. झुंबरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"त्या दिवशी झाकलं हुतं, ते हेच न्हवं?"

मॅडमनी टॉवेलाची घडी घातली.

"म्हंजे तिची पाठ..." झुंबरबाईंचा हात माझ्या झोळीवर थांबला. "पाणी पीत न्हाय ती. मी म्हणायची, नखरं करतीया. मीच बंद केलं की तिचं येणं."

"तिला घेऊन या," मॅडम एवढेच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दोन खुर्च्या मांडल्या. झुंबरबाई एकट्याच आल्या.

"इचारलं तिला," त्या म्हणाल्या. "'पाठ बरी हाय' म्हणाली."

मित्रांनो, दोघी एकाच चुलीपुढे बसतात. दोघींचा त्रास मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. घरात कोणी पाणी प्यायचे टाळत असेल, हसता हसता एकदम थांबत असेल, तर तिची चेष्टा करू नका. जवळ बसून विचारा. "काही नाही" असे उत्तर आले, तर काही दिवसांनी पुन्हा विचारा.

मॅडमनी निळा टॉवेल कपाटात ठेवून दिला आहे. दुसरी खुर्ची अजून तशीच मांडलेली आहे.