अभ्यासक्रमात वाळू

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या निशा कांबळेला अभ्यासक्रम समितीच्या बैठकीचं बोलावणं आलं, तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. पण नोटिशीवर विभागप्रमुख उपाध्ये सरांची सही होती. २००१ सालच्या त्या बैठकीत पहिल्यांदाच विद्यार्थी बसणार होता. वर्गानं एकमुखानं निशाचं नाव दिलेलं, कारण सरांना उलटे प्रश्न विचारायचा मक्ता तिच्याकडंच होता.

बैठकीत आठ प्राध्यापक आणि एकटी निशा. पुढ्यातला वडा तिनं बाजूला सारला. उपाध्ये सर म्हणाले, "बोल, काय बदलायला हवं?"

"सर, ओतकामावर आम्ही वीस मार्कांचं उत्तर लिहितो. साच्याच्या वाळूत किती टक्के पाणी, सगळं पाठ. पण वाळू हातात घेतलेली न्हाय की हो कुणी!"

दोघंतिघं हसले. विभागातले सगळ्यांत जुने देशमाने सर चष्मा सारत म्हणाले, "म्हणजे इंजिनिअरांनी आता वाळू चाळायची?"

"शनिवारी आधी आपण चाळू," उपाध्ये सर म्हणाले. "मग ठरवू."

ओतकामाची फाउंड्री ठरली उद्यमनगरातली, जिथं निशाचे वडील कृष्णात, म्हणजे तिचे आबा, साचे करायचे तीच. ऐकून आबांनी दोन्ही हात जोडले. "अगं, प्रोफेसरांस्नी मी काय शिकवू? सातवी शिकलेला माणूस मी!"

शनिवारी आठ इस्त्रीचे शर्ट भट्टीजवळ रांगेत उभे राहिले. आबांनी मूठभर वाळू दाबली, मूठ उघडली, गोळ्याचे दोन तुकडे केले. "कड ढासळली न्हाय, म्हंजे पाणी बरोबर. आता तुमी करा, सायेब."

उपाध्ये सरांचा गोळा भुगा झाला. दुसऱ्या सरांचा तळव्यालाच चिकटला. तिसऱ्यांनी वाळूनं काळ्या झालेल्या हातानं घाम पुसला आणि त्यांना काळ्याभोर मिशा आल्या. निशानं ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू फुटलंच.

मग जो तो पुलीचा साचा भरायला बसला. अर्ध्या तासात आबांची भीड चेपली. "ओ पावणं, वाळू ठोकताय का पोराला थोपटताय? जोर लावा की!"

हे देशमाने सरांना! निशानं डोळे गच्च मिटले. उघडून बघते तर सर बाह्या सारून, गुडघे टेकून वाळू ठोकत होते.

दुपारी कामगारांनी साच्यांत लोखंडाचा रस ओतला. निवल्यावर साचे फोडले. सात जणांचं ओतकाम वाकडंतिकडं निघालं. देशमाने सरांच्या साच्यातून मात्र पट्ट्याची अख्खी पुली बाहेर आली, हवेचं एकही भोक नाही. सरांनी दोन्ही हात वर केले आणि कुस्ती मारल्यासारखे ओरडले, "आली रं आली!" कामगारांनी शिट्ट्या मारल्या. "तीस वर्षं शिकवतोय हे," सर निशाला सांगत सुटले, "तीस वर्षं!" आणि त्यांचं हसू काही केल्या थांबेना.

सोमवारी समितीत ठराव देशमाने सरांनीच मांडला: दोन आठवडे फाउंड्रीत काम, पन्नास मार्क, आणि शिकवायला कृष्णात कांबळे. बाकं बडवून तो पास झाला. निशा धावत फाउंड्रीत गेली.

"आबा, जूनपासनं तुमी आमच्या कॉलेजचं मास्तर!"

आबा मटकन खाली बसले. "उभं राहून शिकवायचं असतंय का बसून?"

"वाळूत उकिडवं बसून!"

नवा अभ्यासक्रम धाकट्या वर्गाला लागू झाला. निशा तोवर शेवटच्या वर्षाला गेलेली, तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. पण पहिल्या दिवशी ती आपला तास बुडवून फाउंड्रीच्या दारात उभी राहिली. आत साठ पोरंपोरी वाळूनं माखली होती आणि आबा सगळ्यांवर मनसोक्त ओरडत होते.