गाण्यातला श्वास

मंजूने पंखा बंद केला आणि शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. मंगरूळपीरच्या बसस्थानकामागचा रस्ता तेवढ्याने काही गप्प होत नाही. पण गिऱ्हाईक स्पीकर ऐकायला बसलं, की निदान पंख्याची घरघर मध्ये नको, असा गाड्यांना स्पीकर बसवून देणाऱ्या या दुकानाचा शिरस्ता होता. काउंटरमागच्या गोधडीवर तिची नऊ महिन्यांची लेक संस्कृती झोपली होती. मंजू तिच्या उशाशी टेकली.

भिंतीवरच्या फळीत स्पीकरच्या जोड्या ओळीने बसवल्या होत्या. समोरच्या स्टुलावर मोहनसिंग गुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, गाडी मात्र महिन्याभरापूर्वीची.

"अ‍ॅम्प चार चॅनलचा घ्या, गुरुजी," मंजूचा नवरा प्रसेनजित म्हणाला. "स्पीकर कितीबी भारी असला, तं ताकद मागून अ‍ॅम्पचीच लागते. डिक्कीत वूफर टाकू?"

"मी वरातीत नाही जाऊन राह्यलो, बाबू. ठोके नको मले. गाणारा मधात श्वास घेते ना, तो ऐकू आला पायजे."

"श्वास?"

"गाडीत एकलाच राह्यतो मी. शेतात जा, वाशीमले जा. बाजूच्या सीटवर कोनी श्वास घेऊन राह्यलं असं वाटलं, तं रस्ता कटते." आणि गुरुजी स्वतःच हसले. प्रसेनजितही हसला. मंजूने पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तिचं लग्न झालं तेव्हा प्रसेनजितच्या कानाचं नाव होतं. कारंज्याहून, रिसोडहून लोक गाड्या घेऊन यायचे. तो ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि कुठल्या दाराचा पत्रा थरथरतोय ते बोटाने दाखवायचा. मग गेल्या उन्हाळ्यात गाड्या परत यायला लागल्या. कानात सुया टोचतात, असं लोक म्हणायचे. गाणंच तसं रेकॉर्ड झालं असन, असं तो सांगायचा. मंजूलाही कळायला वेळ लागला. एकदा दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरलं. तो ओट्याला टेकून फोन बघत होता, त्याने मानही वळवली नाही. बारीक, उंच आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून प्रत्येक गाडीत तो नेमके तेच चढवून ठेवत होता.

तेव्हापासून गाडी तयार झाली आणि तो चहाला बाहेर पडला, की मंजू पोरीला मांडीवर घेऊन त्या गाडीत बसे आणि वरचा बारीक आवाज दोन घरं खाली आणून ठेवी. गाड्या परत यायच्या थांबल्या.

यावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. तसं बोलणं पुष्कळच गोष्टींवर होत नसे. हळू बोललेलं त्याला कळेना. तो भलतंच उत्तर देई, नाहीतर नुसता हसे. म्हणून हळू बोलायच्या गोष्टी तिने बोलणंच सोडलं. सिलिंडर संपला, लशीची तारीख आली, हे ओरडून सांगता येतं. बाकीचं ती पोरीला सांगे. पोर तोंडाकडे बघत बसे.

"ही झाली पहिली जोडी," प्रसेनजित म्हणाला. "आता ही आयका. भारीतली आहे."

त्याने बटण दाबलं. मंजूने मान खाली घातली. ही जोडी त्याने कालच फळीवर चढवली होती आणि तिच्या वरच्या दोन लहान ट्विटरची वायर जोडायची राहून गेली होती. बारीक आवाज त्यांतूनच यायचा. काल त्याने वाजवून पाहिली, मान डोलावली, तेव्हाही ती इथेच बसली होती. आताही बाई गात होती ती तोंडावर पदर धरल्यासारखी. शब्द येत होते. शब्दांमधलं काही येत नव्हतं.

गुरुजींनी डोळे मिटले होते. "येते का हो श्वास?"

"येते ना," प्रसेनजित म्हणाला. "साफ."

मंजू पोरीला थोपटू लागली. गाडीत नवी जोडी बसेल, वायर जोडली जाईल, आणि मग तो चहाला गेला की उरलेलं ती बघून घेईल. रोज घेतेच.

"मले तं नाही आला बुवा," गुरुजी डोळे उघडून म्हणाले. "डॉक्टर म्हनते वय झालं. घरी सांगावं, तं घरी आहे कोन? तुमचा कान नामी. तुमी म्हनता तं हीच बांधा."

प्रसेनजितने खोकं हातात घेतलं. त्यावरचे वॉटचे आकडे तो बराच वेळ वाचत राहिला. मग त्याने ते खाली ठेवलं.

"गुरुजी, मलेबी नाही आला."

"काय?"

"श्वास. बारीक आवाज नाही येत मले. वर्ष होत आलं. पोरगी रडते ते येते. हसते ते बरोबर नाही येत, तोंड पाहून समजून घेतो."

हे तो गुरुजींना सांगत होता. मंजू त्याच्यापासून चार हातांवर होती आणि तिच्या मांडीला त्या पोरीचं डोकं लागलेलं होतं.

गुरुजींनी विचारलं, "मंग एवढ्या गाड्या कोन जुळवून राह्यलं?"

"ही." त्याने हनुवटीने काउंटरकडे दाखवलं, पण बघितलं नाही. "मी चहा कुठं पेतो, गुरुजी? कोपऱ्यावर जाऊन उभा राह्यतो नुसता. हिचं झालं, गाडीचं दार लागलं, का मंग येतो."

फळीवर गाणं चालूच होतं. गुरुजी स्टुलावरून उठले, त्यांनी स्टूल हाताने झटकल्यासारखं केलं.

"बस, बेटा. तूच सांग मले कोनती घेऊ ते."

मंजू आली आणि फळीकडे तोंड करून बसली. प्रसेनजित तिच्या पाठीमागे बटणाशी उभा होता. त्याने पहिली जोडी लावली, मग दुसरी.

"हिचे वरचे दोन्ही बंद आहेत," ती म्हणाली.

मागे काही हललं नाही. बटण तसंच राहिलं. गुरुजी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. ओरडून सांगणं तिला जमलं असतं. तोंडात सवयीने तसा आवाज आलाही होता. तो तिने गिळला. उठून तिने स्टूल फिरवलं आणि स्पीकरकडे पाठ करून, नवऱ्याकडे तोंड करून बसली.

"वरचे दोन्ही बंद आहेत," ती तेवढ्याच आवाजात म्हणाली.

प्रसेनजित तिच्या ओठांकडे बघत होता.

"कालपासून?"

तिने होय म्हणून मान हलवली.

"मंग काल काहून नाही सांगतलं?"

विचारून तो थांबला. त्याने हात लांब करून गाणं बंद केलं आणि ती काय म्हणते ते बघत राहिला.