टाकीतली हवा किती?

मी प्रोब बोलतोय. बोटाएवढा जाड, वीतभर लांब. खताच्या कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीत मला उलटं टांगलंय. पाण्यात विरघळलेली हवा मोजायची आणि वरच्या डब्यावर आकडा दाखवायचा, एवढंच माझं काम. पण त्यातही माझं डोकं पार चक्रावलंय.

या पाण्यात अमोनिया असा, की टाकीवर वाकलात तर डोळ्यांना धारा लागतील. तो संपवायला इथे जंतू पाळलेत. तपकिरी जंतू अर्धं काम करतात, त्यांना थोडी हवा लागते. उरलेलं लाल जंतू करतात आणि त्यातून निरुपद्रवी नायट्रोजन वायू उडून जातो. पण लाल मंडळींना हवा जास्त झाली की ती मरतात. हवेनं कुणी मरतं का हो? मला अजून उमगलेलं नाही.

टाकीवरच्या काकांनी बादलीभर लाल गाळापासून हे जंतू दोन वर्षं लेकरांसारखे वाढवले. माझा आकडा बघून ते हवेचा व्हॉल्व्ह फिरवत. माझ्यावर डोळे झाकून भरवसा.

एके दिवशी मला हवा जाणवेचना. दाखवलं शून्य. काकांनी व्हॉल्व्ह उघडला. पुन्हा शून्य. आणखी उघडला. आजूबाजूला पाणी खदखदतंय आणि मला हवा नाही! मी वेडा की पाणी वेडं, काही कळेना. असा आठवडा गेला.

मग लॅबमधली ताई नमुना न्यायला आली. बाटलीतला लाल गाळ फिका पडलेला बघून ती चमकली. काका म्हणाले, प्रोब शून्य दाखवतोय, मी तरी काय करू? तिनं मला वर ओढलं आणि डब्याकडे पाहिलं.

"काका, हा उघड्या हवेत आहे, तरी शून्यच म्हणतोय."

माझ्या तोंडावर बुळबुळीत थर साचला होता. हवा माझ्यापर्यंत पोचण्याआधीच त्यातले जंतू ती फस्त करत होते. ताईनं फडक्यानं थर पुसला आणि आकडा आठवर गेला, उघड्या हवेत असायला हवा तेवढा.

"मीच मारलं गं त्यांना," काका म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी खोटं बोललो का? मला जे जाणवलं तेच सांगितलं ना!

ताईनं हवा कमी केली. लाल जंतू किती वाचले ते कळायला सहा महिने लागतील, आणि काका दोन महिन्यांत निवृत्त होतायत.

आता मला रोज पुसतात. बाबांनो, हे सोडू नका. आज मी खरा आकडा दाखवतोय, असं मला वाटतं. पण त्या आठवड्यातही मला अगदी असंच वाटत होतं.