बाबांचा प्रकल्प

सगळे जिला टाचणी म्हणत, त्या मुलीच्या वर्गात सामाजिक शास्त्राचा प्रकल्प म्हणजे आईची मुलाखत, असा जुना रिवाज होता. मागच्या वर्षी एकतीस मुलांनी एकतीस आयांना विचारलं, "तू काय काम करतेस?" एकतीसही आयांनी सांगितलं, "काही नाही." बाईंनी ते सगळे तक्ते तपासले आणि दोन दिवस रजा टाकली. या वर्षी त्यांनी नवा नियम काढला. घरच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, चिठ्ठी उचलून दुसऱ्याच्या घरचं माणूस घ्यायचं.

टाचणीला रिबिनीचे वडील आले. रिबिनीला टाचणीचे.

रिबीन म्हणजे वर्गातली पहिली. तिच्या प्रकल्पांना साटिनची रिबीन बांधलेली असे, म्हणून हे नाव. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर काचेचं एक कपाट होतं. त्यात वर्षातला उत्तम प्रकल्प ठेवत, आणि गेली तीन वर्षं त्यात रिबीनच राहायला होती. आधी तिचा ज्वालामुखी, मग धरण, मग काड्यापेटीच्या काड्यांची संसद. टाचणीचं धरणही बरं होतं, पण ते गळलं, आणि खालच्या बाकावरचा आदिमानव वाहून गेला.

रिबिनीचे वडील एका कचेरीत साहेब होते. टाचणीनं विचारलं, "काका, तुमचं काम काय?"

"कागद आला की शिक्का आहे का बघतो."

"आणि नसला तर?"

"परत पाठवतो."

"आणि असला तर?"

"असला तर मीही एक मारतो," ते म्हणाले. मुलाखत इथं संपली. टाचणीनं तक्त्यावर एक मोठा गोल काढला आणि जागा भरावी म्हणून तो हिरव्या पेन्सिलीनं सावकाश रंगवला.

रिबीन मात्र सलग तीन दुपारी टाचणीच्या बाबांच्या दुकानात बसून आली. बाबा किल्ल्या बनवत, अडलेली कुलपं उघडत. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर बाबांना अर्धं बाहेर यावं लागे. घरी ते दिवसाला तीन वाक्यं बोलत: "मीठ दे", "दिवा बंद कर" आणि "झोप आता". रोज सकाळी टाचणीच्या पेन्सिली मात्र तेच पात्यानं तासून ठेवत, तीन पैलू पाडून. पण तेही न बोलता.

रिबिनीच्या तक्त्यावर बाबांची बावीस वाक्यं होती.

टाचणीनं मोजली. 'कुलूप हट्टी नसतं, आपण घाईत असतो.' हे बाबा? लहानपणी आजीच्या पेटीचं कुलूप त्यांनी केसातल्या आकड्यानं उघडलं होतं आणि आतून लाडूऐवजी आजोबांची कवळी निघाली होती. ही गोष्ट तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात, चित्रासह. टाचणी बारा वर्षं त्या माणसाच्या घरात राहत होती आणि तिला ही कवळी आज, इतर तीस मुलांबरोबर, फळ्याशेजारी कळत होती.

"तुझे बाबा काय मस्त बोलतात गं," रिबीन म्हणाली. "थांबतच नाहीत."

"हो ना," टाचणी म्हणाली. "आम्हीच त्यांना गप्प करतो."

पुस्तकात परस्परावलंबनाचा धडा होता. माणसं एकमेकांवर अवलंबून असतात, असं त्यात चौकटीत दिलं होतं. दुसऱ्या धड्यात युद्धाची पाच कारणं होती, तीही तिला पाठ होती. जमीन, पाणी, धर्म, व्यापार, सत्ता. दुसऱ्याच्या मुलीला आपल्या बापाची कवळीची गोष्ट आधी कळणं, हे कारण त्यात नव्हतं. पुस्तक मंडळानं घाईत छापलं असावं.

पहिला नंबर अर्थातच रिबिनीचा. शनिवारी तक्ता कपाटात जाणार होता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत टाचणी कपाटापाशी उभी राहिली, कुणी नाही बघून कुलपात हिरव्या पेन्सिलीचं टोक घातलं आणि मोडलं. ते इतकं सहज मोडलं की ती स्वतःच चपापली.

शनिवारी मोठ्या बाईंची किल्ली आत जाईना. शिपायानं फुंकर मारली, तेल सोडलं, शेवटी कपाटाशी गोड बोलून पाहिलं. रिबीन म्हणाली, "बाई, टाचणीचे बाबा आहेत ना." आणि बाबा पेटी घेऊन आले.

ते गुडघ्यावर बसले. मागे न बघता हात पुढे केला. टाचणी पेटीकडे झेपावली आणि थबकली. आतल्या वस्तूंपैकी एकीचंही नाव तिला माहीत नव्हतं.

"बारीक आकडा ना, काका?" रिबिनीनं तो त्यांच्या हातावर ठेवला.

बाबांनी आकडा आत घातला, फिरवला, बाहेर ओढला. टोकावर हिरवा तुकडा होता. तीन पैलूंचा. बाबांनी तो उजेडात धरला. वर्गातली इतर सगळी मुलं शार्पनर वापरत.

"काय होतं हो?" मोठ्या बाईंनी विचारलं.

बाबांनी तुकडा खिशात टाकला. "गंज," ते म्हणाले. "जुनं कुलूप आहे."

तक्ता कपाटात गेला. शनिवारी शाळा अर्धीच असे, त्यामुळे दोघं बरोबरच घरी निघाली. मग टाचणीनं धीर केला.

"बाबा, तुम्ही पहिलं कुलूप कधी उघडलं?"

"ते तिनं विचारलं."

"सगळ्यात अवघड कुठलं?"

"तेही."

"कधी हात टेकलेत का?"

"चौथ्या रकान्यात आहे."

बापाबद्दलचे सगळे प्रश्न संपले होते आणि तिच्या वाट्याला एकही उरला नव्हता. कोपऱ्यावर वळताना ती हळूच म्हणाली, "आत गंज होता?"

बाबा थांबले. पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"हे तिनं नाही विचारलं," ते म्हणाले. पुन्हा चालायला लागले. चार पावलांनंतर म्हणाले, "नव्हता."

आणखी काही पावलांनंतर, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "ती कवळी आजोबांची नव्हती. आजीचीच होती. त्या मुलीला मी खरं सांगितलं नाही."

सोमवारी सकाळी दप्तरात हिरवी पेन्सिल तासून ठेवलेली होती. पैलू तीनच, पण टोक या वेळी इतकं बोथट ठेवलं होतं की ते कुठल्याच कुलपात गेलं नसतं.