फोटोत न येणारं गिऱ्हाईक

मी एक व्हॉल्व्ह बोलतोय, आणि जरा मोठ्यानेच बोलतोय, कारण इथे पंपांचा गोंगाट फार आहे. तुमच्या मोरीतल्या नळाचा भाऊबंद समजू नका हं मला! माझ्या पोटात असं पांढरं अस्तर आहे की जहाल ॲसिड गेलं तरी त्याला काही होत नाही, आणि एक थेंब बाहेर सांडत नाही. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतोय.

माझा जन्म नाशिकचा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला. मालक महेश मूळचा पिंपळगावचा. त्याची धाकटी बहीण योगिनी परदेशी ऑर्डरी बघते. मला जोडलं कारागीर सावळीरामने. दाब देऊन तपासलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "लय भारी झालाय गडी!" माझ्या छातीवर कारखान्याचं नाव आणि खाली 'नाशिक', अशी ओतीव अक्षरं. काय रुबाब होता माझा!

महेशचा एक हट्ट. माल कुठेही जावो, गिऱ्हाइकाने पहिला व्हॉल्व्ह बसवताना नारळ फोडायचा आणि फोटो पाठवायचा. परदेशातली माणसं आधी हसायची, मग हौसेने नारळ शोधत फिरायची. ऑफिसची भिंत त्या फोटोंनी भरून गेली होती.

मग एक दलाल आला. दूरच्या देशासाठी माझ्यासारख्यांची भली मोठी ऑर्डर घेऊन. तिच्या जोरावर महेशची नवी शेड उभी राहणार होती. पठ्ठ्याने आधीच पेढे वाटून टाकले!

अडचण एकच होती. ज्या व्हॉल्व्हमधून औषधाचं रसायन जातं, त्यातूनच विषारी वायूच्या शस्त्रांचंही जाऊ शकतं. म्हणून आम्हाला देशाबाहेर पाठवायला सरकारचा परवाना लागतो, माल शेवटी कोणाच्या हाती पडणार ते सांगावं लागतं. दलाल म्हणाला, "कागदावर पाण्याचे साधे व्हॉल्व्ह म्हणून दाखवा. आणि अंगावरचं नाव तेवढं घासून टाका."

महेशने नव्या शेडचा नकाशा एकदा उलगडून पाहिला. मग सावळीरामला म्हणाला, "घे ग्राइंडर."

सावळीरामने नाइलाजाने माझ्या छातीवर चाक टेकवलं. अहो, काय भीती वाटली म्हणून सांगू! ठिणग्या उडाल्या, पहिल्या अक्षरावर चरा पडला, आणि चाक एकदम थांबलं. योगिनीने प्लग उपटला होता.

"दादा, नारळाचा फोटो मागितलास त्यांच्याकडे?"

"मागितला. नाही म्हणाले."

"का?"

महेश दुसरीकडे बघत म्हणाला, "जागा दाखवता येणार नाही म्हणे. अगं, पण शेडचं बघ ना, फोटोचं काय घेऊन बसलीस!"

"दाखवायची सोय नाही अशा जागी आपला माल काय करणार, हे तुला कळत नाही का रे? उद्या तिथे लेकरं गुदमरून मेली, तर नाव घासलं म्हणून तुला झोप लागेल?"

महेशने भिंतीकडे पाहिलं. त्या सगळ्या हसऱ्या माणसांकडे. मग फोन लावला. "साहेब, परवाना काढणार, नाव राहणार आणि नारळाचा फोटोही लागणार. जमत असेल तर बोला." पलीकडून आधी आर्जवं झाली, मग शिवी आली. महेशने फोन ठेवला. योगिनीने दलालाची सगळी माहिती सरकारी कार्यालयाला कळवून टाकली. शेड मात्र बांधायची राहिली ती राहिलीच. कितीतरी दिवस महेश तोंड पाडून हिंडत होता, आणि मला त्याचं वाईटही वाटायचं.

आता मी दिंडोरीच्या एका औषध कारखान्यात असतो. मला बसवलं तेव्हा महेश आणि योगिनी दोघं आले होते. इथल्या ऑपरेटर नवसाबाईंनी नारळ फोडला, माझी छाती फडक्याने पुसली आणि विचारलं, "दादा, हा चरा कशाचा हो? पॉलिश मारून घ्यायचा ना!"

महेश म्हणाला, "मीच पाडायला लावलाय. राहू द्या तसाच." आणि फोटोसाठी माझ्याशेजारी उभा राहिला.

चला, पंप सुरू झाला, मला उघडायची वेळ झाली. तुम्हीही काही घडवत असाल तर ते कुठे निघालंय एवढं विचारत जा बुवा. आणि मी कुठे असतो असं कोणी विचारलं, तर खुशाल पत्ता द्या.