भिंतीकडे तोंड केलेले चित्र

मित्रांनो, मी तीस वर्षांचे एक तैलचित्र आहे, आणि त्यातली बरीच वर्षे मी शिक्षा झालेल्या मुलाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून काढली.

सावेडीतल्या विल्सन मास्तरांनी मला रंगवले. ते शाळेत चित्रकला शिकवत. माझ्यात एक बाई आडवी झोपली आहे, अंगावर कपडा नाही. पण मास्तर नाक-डोळे कोरत बसले नाहीत. गेरूच्या रंगाचा एक रुंद फटकारा म्हणजे पाठ, दुसरा म्हणजे कंबर, आणि उशाशी हिरव्याचा एक तुकडा. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण तो कंबरेचा फटकारा दुसऱ्या कोणाला जमायचा नाही.

मास्तरांच्या पत्नी मेरीबाईंचा माझ्यावर राग नव्हता. पण घरी प्रार्थनेला मंडळी आली की त्या मला उलटे करून ठेवत, आणि पुन्हा सुलटे करायचे महिनोन्महिने राहून जाई. लोक काय म्हणतील, एवढीच धास्ती. यंदा नाताळासाठी घराला रंग लागला, मला खाली उतरवले आणि मेरीबाई म्हणाल्या, "अहो, आता हे माळ्यावरच टाका. सुनेच्या माहेरचे येणार आहेत."

मास्तर माझी धूळ झटकू लागले. माळ्यावर उंदीर आहेत हे मला ठाऊक होते. माझा धीर खचला.

त्याच दुपारी पारनेरहून चांगुणाबाई नेहमीप्रमाणे करंज्या करायला आल्या. लाटता लाटता त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ह्यो आमच्याकडचा डोंगर हाय का, मास्तर?"

मास्तर हसले. "नीट बघा."

चांगुणाबाईंनी लाटणे बाजूला ठेवले. इतके मन लावून मला कोणीच पाहिले नव्हते. मेरीबाई मात्र कानकोंड्या होऊन उभ्या होत्या.

"बाई हाय व्हय," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "डोंगरावर चर खंदायला जायचो तवा लई दमायचो आमी. पर अशी मी कधी निजले न्हाई. एक डोळा दाराकडं, एक कान पोरांकडं. हिला कुनाचंच भ्याव न्हाई बघा. लई ग्वाड काढलीया."

मेरीबाईंनी पिठाचे हात धुतले, हातोडी आणली आणि नव्या रंगाच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला.

मित्रांनो, चित्राला ओल्या फडक्याने पुसू नका, माळ्यावर टाकू नका, आणि नावे ठेवण्याआधी चांगुणाबाईंइतका वेळ तरी त्याच्यासमोर थांबा.

नाताळाला घर पाहुण्यांनी भरले. व्याही माझ्याकडे बघून मोठमोठ्याने खाकरू लागले. मेरीबाईंनी करंज्यांची ताटली त्यांच्या हातात दिली.

"जरा हळू," त्या म्हणाल्या, "ती झोपली आहे."