छतावरचे साडेनऊ

मुक्ताईला पक्षाघात झाला त्याला तीन महिने होत आले होते. उजवी बाजू गेली, मान वळेना, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये पाठीवर पडून ती दिवसभर छताकडे बघायची आणि विचारायची, किती वाजले. तिच्या नवऱ्यानं, रावसाहेबांनी सांगितलं की थोड्या वेळानं पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, विचारू द्या. वेळेचं भान सुटलं की जेवण सुटतं, आणि जेवण सुटलं की आमचं काही चालत नाही. पार्किंगबद्दल सूचना द्यावी तशा सुरात त्यांनी हे सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मुलगा सुदर्शन जर्मनीत होता. हिंजवडीच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवलेला, त्याला आता तीन वर्षं झाली होती. रविवारी दुपारी त्याचा फोन येई. रावसाहेबांनी त्याला आईचं सगळं सांगितलं. त्यानंतर तो स्वतः काही आला नाही, त्याचं घड्याळ आलं.

ते घेऊन आली उत्कर्षा, त्याच्या ऑफिसातली. रिक्षा खाली थांबवूनच आली होती. याचे आकडे थेट छतावर पडतात, म्हणजे काकूंना पडल्यापडल्या दिसतील, आणि वेळ लावायची गरजच नाही, ते रेडिओवरून आपलं आपण लावून घेतं, एवढं सांगून ती चहा न घेता गेली. माहितीपत्रक मात्र निव्वळ जर्मन भाषेत होतं.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. रावसाहेबांना आनंद झाला. त्यांची सारी नोकरी चिंचवडच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली होती. तिथली यंत्रं जर्मन, म्हणून सदाशिव पेठेत संध्याकाळच्या क्लासला जाऊन त्यांनी ती भाषा शिकून घेतली होती. कारखान्यात एक नियम होता: पुस्तकात लिहिलंय तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. ज्यांनी चालवलं त्यांना मेमो मिळाले. रावसाहेबांना नोकरीभर एकही मेमो मिळाला नव्हता, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर लवकरच सांगत.

त्यांनी जुना शब्दकोश काढला आणि माहितीपत्रक ओळ न ओळ वाचलं. घड्याळ खिडकीजवळ ठेवावं. रात्री ते संदेश शोधेल. तो मिळेपर्यंत कोणतंही बटण दाबू नये. त्यांनी खिडकीशी स्टूल ठेवलं, घड्याळ जोडलं, पडदे ओढले. छतावर लाल आकडे उमटले. ते जर्मनीचेच होते, कारण सुदर्शननं सेल तिकडेच घातले होते. उद्यापर्यंत येईल आपल्या वेळेवर, असं रावसाहेब मुक्ताईला म्हणाले.

ते आलं नाही. रोज रात्री घड्याळावरचं संदेश शोधण्याचं चिन्ह, एक चिमुकला मनोरा, लुकलुकायचं आणि विझायचं. शेजारचे आप्पासाहेब म्हणाले, मागे बटणं आहेत की, दाबा आणि मोकळे व्हा. रावसाहेबांनी त्यांना विचारलं, तुम्ही उघडलेला तुमचा मिक्सर आता कसा आहे? आप्पासाहेब पुन्हा त्या विषयाला गेले नाहीत.

आकडे दिसावेत म्हणून पडदे दिवसभर बंद राहू लागले. भर दुपारी खोलीत काळोख. पण मुक्ताईनं किती वाजले हे विचारायचं सोडलं, म्हणून रावसाहेब खूश होते. मग त्यांच्या लक्षात आलं की ती जेवत नाही. एक वाजता ते मऊ भात घेऊन जात. ती ओठ मिटून घेई आणि डावा हात वर करी. छतावर साडेनऊ असत. साडेचारला छतावर एक वाजला की चार घास घेई, तेही गार झालेले. औषधांचा पार घोळ झाला. गालांची हाडं दिसू लागली. बिचारीला घड्याळानं फसवलंय, असं समजून रावसाहेब एका दुपारी चिडून म्हणाले की ते घड्याळ चुकीचं आहे, इथे एक वाजलाय.

"माहितीये," मुक्ताई म्हणाली. कितीतरी दिवसांत तिचा शब्द इतका स्वच्छ आला नव्हता. "त्याचे साडेनऊ. तो जेवला नाही अजून."

रावसाहेब वाटी धरून उभेच राहिले. तिला पुसणारे, भरवणारे, कुशीवर वळवणारे ते. आणि ती इथे नव्हतीच. त्यांना आपल्याच मुलाचा हेवा वाटला आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

त्या रविवारी फोन सकाळीच आला. ते तो घेऊन गॅलरीत गेले. घड्याळाचं ऐकून सुदर्शन हसला. म्हणाला, बाबा, तो सिग्नल भारतापर्यंत पोचतच नाही, मागची बटणं दाबून लावा. मग म्हणाला, "मी आता अमेरिकेत आहे, बाबा. गुरुवारीच आलो. प्रोजेक्ट इकडे हलला. दिवाळीला जमणार नाही. आईला तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं."

दुपारी रावसाहेबांनी बटणं दाबली. पाच मिनिटांचं काम होतं. छतावर एक वाजला. ते तिच्या उशाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला.

"मुक्ता, ही आपल्या घरातली वेळ. मी इथे आहे गं. माझ्याबरोबर जेव."

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मग त्याचे किती?"

रावसाहेबांनी मनात वजाबाकी केली. अमेरिकेत मध्यरात्र उलटली होती, पोरगा झोपला असणार.

"साडेनऊ," ते म्हणाले.

"थांबते मग," असं म्हणून तिनं ओठ मिटले.

साडेचारला जर्मनीत आता त्यांचं कुणीच जेवणार नव्हतं. हे सांगायला रावसाहेबांनी तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि भाताच्या वाटीवर झाकण ठेवून तेही वाट बघत बसले.